गुणसूत्रांची कुंडली मांडणाऱ्यांना

“दोन एक्स म्हणजे बाई, एक्स आणि वाय म्हणजे पुरुष. नववीतलं पोरगंही सांगेल. बाकी सगळी थेरं.” हे वाक्य हल्ली पनवेलमध्ये कुठेही कानावर पडतं. वडाळे तलावाभोवती सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांत, फडके नाट्यगृहात मध्यंतराच्या चहाला, हार्बरच्या गाडीत मानखुर्द येईपर्यंत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अल्जीरियाची बॉक्सर इमान खलीफ हिच्यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून तर या वाक्याला चांगलीच धार चढली आहे. बोलणारे अडाणी नसतात. इंजिनिअर असतात, निवृत्त मुख्याध्यापक असतात, क्वचित डॉक्टरही असतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं हसण्यावारी न नेता नीट मांडून खोडायला हवं.

त्यांच्या म्हणण्याचे तीन भाग पडतात. गर्भ राहतो त्याच क्षणी गुणसूत्रं लिंग ठरवतात, हा पहिला. म्हणून रक्ताच्या एका चाचणीत कोण बाई आणि कोण पुरुष याचा सोक्षमोक्ष लागतो, हा दुसरा. आणि चाचणी एक सांगत असताना जो माणूस स्वतःबद्दल दुसरंच सांगतो तो ढोंगी तरी असतो नाहीतर बहकलेला, हा तिसरा. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे. दुसरा खोटा आहे. तिसरा निव्वळ क्रूर आहे, आणि तो पहिल्याच्या खांद्यावर बसून विज्ञानाचा आव आणतो.

नववीच्या पुस्तकाचा दाखला देणाऱ्यांनी ते पुस्तक आधी उघडावं. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात आनुवंशिकतेच्या धड्यात एक्सएक्स आणि एक्सवाय आहेत, तसेच टर्नर सिंड्रोम आणि क्लाइनफेल्टर सिंड्रोमही आहेत. पहिल्यात लिंग गुणसूत्रांपैकी एकच एक्स, दुसऱ्यात दोन एक्स आणि एक वाय. म्हणजे “दोन एक्स म्हणजे बाई” हे सूत्र ज्या पुस्तकाच्या जिवावर सांगितलं जातं, त्याच पुस्तकात दोन एक्स असलेला पुरुष छापलेला आहे. एका गुणाची व्याख्या पाठ झाली, पुढचं पान राहून गेलं.

आता पहिल्या भागातला खरा अर्धा. वाय गुणसूत्राचं काम महत्त्वाचं आहे, पण ते फार मर्यादित आहे. सहाव्या आठवड्यापर्यंत मुलाचा आणि मुलीचा गर्भ या बाबतीत सारखाच दिसतो. दोघांतही एकच कोरी ग्रंथी असते, आणि पुरुषाच्या व स्त्रीच्या अशा दोन्ही नलिकांच्या जोड्या तयार असतात. वायवर एसआरवाय नावाचं एक जनुक आहे. ते १९९० साली लंडनच्या संशोधकांनी हुडकलं. ते ठरल्या वेळी जागं झालं तर कोऱ्या ग्रंथीचे वृषण होतात. पुढच्याच वर्षी हे जनुक एक्सएक्स असलेल्या उंदराच्या गर्भात घातलं, तर नर उंदीर जन्माला आला. अख्खं वाय लागलंच नाही, त्यातला एक तुकडा पुरला.

वृषण तयार झाले की गुणसूत्रांची पाळी संपते आणि संप्रेरकांची सुरू होते. १९४० च्या दशकात आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या गर्भातले वृषण पोटातच काढून टाकले. गुणसूत्रं नराची असूनही त्या पिल्लांच्या अंगात गर्भाशय आणि मादीच्या नलिका घडल्या. वृषणातून निघणारं एक संप्रेरक गर्भाशयाची वाढ थांबवतं, दुसरं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषाच्या नलिका टिकवतं. बाहेरचे अवयव घडायला टेस्टोस्टेरॉनचं आणखी एक तीव्र रूप लागतं, आणि ते तयार करायला एक वेगळं विकर. एवढं सगळं जमलं तरी पेशींना ते संप्रेरक ओळखता यायला हवं. ओळखण्याचं काम करतो तो रिसेप्टर, आणि त्याचं जनुक बसलेलं असतं एक्स गुणसूत्रावर, म्हणजे मुलाला ते आईकडून मिळतं. पुरुषाचं शरीर घडवणाऱ्या साखळीतली ही कडी वायवर नाहीच. वाय म्हणजे मर्दानगी असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

ही कडी निखळली तर काय होतं? गुणसूत्रं एक्सवाय, पोटात वृषण, रक्तात पुरुषाइतकं टेस्टोस्टेरॉन, आणि पेशी मात्र त्याला दाद देत नाहीत. जन्माला येते ती मुलगी. दिसायला मुलगी, वाढते मुलीसारखी, वयात आल्यावर छातीही भरते, कारण शरीर टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करतं. फक्त पाळी येत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी आई तिला डॉक्टरकडे घेऊन जाते तेव्हा पहिल्यांदा कळतं. अशा बहुतेक स्त्रिया स्वतःला स्त्रीच मानतात आणि स्त्री म्हणूनच आयुष्य काढतात. कट्ट्यावरच्या सूत्राप्रमाणे त्या पुरुष. तसं त्यांच्या तोंडावर सांगण्याची हिंमत किती जणांत आहे?

दुसऱ्या भागाचा जीव सगळा त्या चाचणीत आहे, म्हणून ती चाचणी जवळून पाहू. हेपारिनच्या नळीत थोडं रक्त घेतात. त्यातल्या पांढऱ्या पेशी साधारण तीन दिवस उबेत वाढवतात. पेशी विभागायला लागल्या की कोल्चिसिन घालून त्यांना नेमक्या त्या क्षणी थांबवतात, कारण गुणसूत्रं तेव्हाच सुटी दिसतात. मग पेशी फुगवून, काचेवर थेंब टाकून, गिम्साच्या रंगाने पट्टे उमटवतात. सूक्ष्मदर्शकाखाली सहसा वीसेक पेशींतली गुणसूत्रं मोजून त्यांच्या जोड्या लावतात. बावीस जोड्या क्रमाने, शेवटी लिंग गुणसूत्रं. अहवालावर येतं, “४६, एक्सवाय”. बस्स. एसआरवायमधलं एक अक्षर बिघडलंय का, हे यात दिसत नाही. रिसेप्टर काम करतो का, हे दिसत नाही. एसआरवायचा तुकडा वायवरून निसटून एक्सवर जाऊन बसला असेल आणि दोन एक्स असलेला पुरुष जन्मला असेल, तर तेही या चित्रात सहसा दिसत नाही. रक्तात एक आणि दुसऱ्या ऊतीत वेगळंच, असंही असू शकतं. चाचणी वाईट नाही, फार उपयोगी आहे. पण ती जे सांगत नाही ते तिच्या तोंडी घालून आपण तिची कुंडली करून टाकली. पूर्वी गुरुजी पत्रिका पाहून माणसाचा स्वभाव सांगत, आता गुणसूत्रांचं हे चित्र, म्हणजे कॅरिओटाइप, पाहून कुणीही सांगतं.

याच्या पुराव्यासाठी अमेरिकेला जायची गरज नाही. महाराष्ट्र पोलिसांच्याच दोन प्रकरणांत याचा निकाल लागून गेला आहे.

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले ललित साळवे मुलगी म्हणून वाढले आणि महिला शिपाई म्हणून पोलिसात भरती झाले. जे. जे. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा वाय गुणसूत्र आढळलं. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. महिला म्हणून भरती झालेल्या शिपायाला पुरुष म्हणून सेवेत कसं ठेवायचं, याचा नियमच खात्याकडे नव्हता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथून सेवाविषयक बाब म्हणून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’कडे. अखेर सरकारने परवानगी दिली आणि मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित साळवे पुरुष शिपाई म्हणून पुन्हा कामावर रुजू झाले.

दुसरं प्रकरण नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीतलं. अनुसूचित जातीतली एक तरुणी महिलांच्या जागेसाठी उतरली. वैद्यकीय तपासणीत गर्भाशय आणि बीजांडकोश नसल्याचं दिसलं, गुणसूत्रांच्या चाचणीने “पुरुष” असा शिक्का मारला, आणि तिची निवड अडली. ती मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून शिकली, वाढली, आणि मी स्त्रीच आहे यावर ठाम राहिली. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. माधव जामदार यांच्यापुढे हे आलं. यात तिचा काही दोष नाही, ही न्यायालयाची भूमिका होती. महाधिवक्त्यांनीही सहानुभूती दाखवली आणि शिपाईपद सोडून खात्यातल्या दुसऱ्या पदासाठी तिचा विचार करण्याची तयारी सांगितली. सरकारने दोन महिन्यांत निर्णय घ्यावा, असं न्यायालयाने सांगितलं.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवा. दोघं मुली म्हणून वाढले, आणि दोघांच्या अहवालांनी बोट दाखवलं ते पुरुषाकडे. एकाने सांगितलं, मी पुरुष आहे. दुसरीने सांगितलं, मी स्त्री आहे. अहवाल बोट दाखवून थांबला, पुढचं उत्तर त्या माणसांनीच दिलं. कट्ट्यावरच्या शहाण्यांना इथे एक सरळ प्रश्न आहे: चाचणीत निकाल असतो म्हणता, तर या दोघांपैकी ढोंगी कोण? ललित साळवे खरे असतील तर तुमच्या हिशेबात नाशिकची तरुणी खोटी ठरते. ती खरी असेल तर तुमची चाचणी खोटी ठरते. मला दोघंही खरे वाटतात. म्हणजे खोटं पडतं ते तुमचं सूत्र.

“अहो, हे अपवाद आहेत. अपवादाने नियम मोडत नाही.” हे उत्तर ठरलेलं. अपवाद आहेत, मान्य. आता हिशेब करू. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली तेव्हा २०११ च्या जनगणनेप्रमाणे तिच्या हद्दीत पाच लाखांच्या आसपास लोक होते. क्लाइनफेल्टर सिंड्रोम पाचशे ते हजार पुरुषांत एकाला असतो. निम्मे पुरुष धरा. म्हणजे एकट्या या शहरात दोन एक्स आणि एक वाय असलेले अडीचशे ते पाचशे पुरुष असायला हवेत. त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल. कळलंच तर मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावर कळतं. तलावाभोवती फेऱ्या मारताना हे वाक्य ठणकावणाऱ्यांतच त्यांच्यापैकी कुणी असेल तर?

आणि अपवादाने नियम मोडत नाही हे वर्णनाच्या नियमाला लागू पडतं. कोकणात जूनमध्ये पाऊस येतो, एखाद्या वर्षी लांबला तरी वाक्य खरंच. पण भरतीची यादी, खेळाडूचं पात्रता प्रमाणपत्र, जन्मदाखला हे वर्णन नसतं, तो निर्णय असतो. बहुसंख्यांना त्या नियमाची गरजच पडत नाही, त्यांना कुणी विचारतही नाही. नियम लागू होतो तो नेमका अपवादाला. मग तो अपवादाला धरूनच लिहायला नको?

इथे काही जण माघार घेऊन दुसरी चौकी धरतात. “बरं, गुणसूत्रं सोडा. टेस्टोस्टेरॉन मोजा.” तेही चालत नाही. रिसेप्टर बंद असेल तर रक्तातल्या आकड्याला अर्थ नसतो. टेस्टोस्टेरॉन प्रत्येक स्त्रीच्या अंगात असतं, पीसीओएस असलेल्या कित्येक मुलींत ते जास्त असतं. इस्ट्रोजेन पुरुषाच्याही अंगात असतं, त्याच्याशिवाय पुरुषाची हाडं ठिसूळ होतात. शिवाय प्रश्न आज किती आहे एवढाच नसतो. गर्भात कधी होतं, वयात येताना किती होतं, यावर शरीर घडतं. आजचा आकडा तो सगळा इतिहास सांगत नाही.

खेळाच्या मैदानाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या शरीराला उंची, स्नायू, हाडं यांचा फायदा मिळतो आणि स्त्रियांचा गट राखायचा तर कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण ती रेघ ओढणाऱ्यांचा अनुभव काय सांगतो? १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३३८७ महिला खेळाडू तपासल्या, आठ जणींच्या चाचणीत वायचा अंश निघाला, आणि नीट चौकशी करून आठही जणींना खेळू दिलं. १९९९ मध्ये ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणीच बंद केली. सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने एसआरवायची चाचणी पुन्हा आणली आहे. पण तिच्याच नियमांत, ज्यांच्या पेशी टेस्टोस्टेरॉनला अजिबात दाद देत नाहीत त्या खेळाडूंना सूट आहे. म्हणजे चाचणीचा सर्वांत कडक आग्रह धरणारेही शेवटचा शब्द जनुकाला देत नाहीत. मधल्या काळात आपली धावपटू शांती सौंदराजन हिचं काय झालं? २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचं रौप्यपदक चाचणीवरून तिच्याकडून काढून घेतलं आणि तिची बातमी देशभर झाली. रेघ ओढायची म्हणून माणसाची धिंड काढायलाच हवी, असं कुठल्याही विज्ञानात लिहिलेलं नाही.

आता तोफ दुसऱ्या बाजूला वळवतो, कारण चुकीचे लोक फक्त एकाच गटात नाहीत. “गुणसूत्रं, संप्रेरकं सगळं गौण. लिंगभाव म्हणजे केवळ संस्कार. जसं वाढवाल तसं मूल घडेल,” असं मानणारेही आहेत, आणि त्यांच्या सिद्धान्ताचीही किंमत मुलांनीच मोजली. १९६५ मध्ये कॅनडात विनिपेगला जन्मलेल्या जुळ्यांपैकी एकाचं लिंग सुंतेच्या शस्त्रक्रियेत जळालं. जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने वृषण काढून त्याला मुलगी म्हणून वाढवलं, आणि प्रयोग यशस्वी झाल्याचं जगाला सांगितलं. त्या मुलाला, डेव्हिड रायमरला, सत्य कळलं ते वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर. तो लगेच मुलगा म्हणून जगू लागला. २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच वर्षी अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक्सवाय गुणसूत्रं असलेल्या पण लिंगाची वाढच नीट न झालेल्या १४ बाळांना जन्मानंतर मुली ठरवून वाढवलं होतं. त्यांतल्या आठ जणांनी पुढे आपण मुलगा असल्याचं सांगितलं. पाच जणी मुलीच राहिल्या.

ही पाच-आठची विभागणी दोन्ही गटांच्या पचनी पडत नाही. गर्भातल्या संप्रेरकांचा मेंदूवर परिणाम होतो, याचे पुरावे आहेत. गर्भात जास्त अँड्रोजेन मिळालेल्या मुली सरासरीने मुलांचे खेळ जास्त खेळतात, तरी बहुसंख्य मोठ्या होऊन स्वतःला स्त्रीच मानतात. शरीराचा कल असतो, सक्ती नसते. म्हणून जैविक घटक नाकारायचे नाहीत, आणि त्यांच्या हाती शिक्काही द्यायचा नाही.

एक घोटाळा आणखी होतो. वर आली तशी, शरीरानेच वेगळी जन्मलेली आंतरलिंगी माणसं आणि जन्मावेळी ठरवलेलं लिंग आपलं न मानणारी पारलिंगी माणसं यांना एकाच टोपलीत टाकतात. पारलिंगी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येनेही तेच केलं. बहुतेक पारलिंगी माणसांची गुणसूत्रं नेहमीसारखीच असतात, चाचणीत काहीच वेगळं निघत नाही. त्यांच्या हक्कांची बाजू घेणारे काही जण “बघा, निसर्गातही असं असतं” म्हणून आंतरलिंगी मुलींचे अहवाल पुढे करतात. हा वकिली डाव अंगाशी येतो. उद्या समोरचा म्हणेल, मग दाखव तुझा अहवाल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात स्वतःची ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला, तो प्रयोगशाळेच्या भरवशावर नव्हे, तर माणसाच्या प्रतिष्ठेच्या आधारावर. तो पाया पुरेसा भक्कम आहे. त्याला गुणसूत्रांचा टेकू लागत नाही.

आणि ज्या समाजाला आज गुणसूत्रांचा इतका पुळका आलाय, त्याला हेच विज्ञान इतकी वर्षं का आठवलं नाही? वाय येतो तो बापाकडून. तरी मुलगी झाली म्हणून टोमणे ऐकले सुनेने, माहेरी धाडलं सुनेला. गर्भलिंग तपासणीवर कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ सालचं. तरी २०११ मध्ये राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली उरल्या होत्या, बीडमध्ये ८०७. गुणसूत्रांचं ज्ञान तेव्हा मुली मोजायला वापरलं, आज माणसं हाकलायला वापरतोय. त्या ज्ञानाचा सुनेला एकदाही उपयोग झाला नाही.

मग या ज्ञानाचं खरं काम काय? ते आपल्या आसपास रोज पडलेलं आहे. उरण, पेण, खालापूर, कर्जतहून बाळंतिणी आणि मुली तपासायला पनवेल-कामोठ्याला येतात. जन्मलेल्या बाळाचं लिंग स्पष्ट दिसत नसेल तर पहिला प्रश्न मुलगा की मुलगी हा नसतो. अॅड्रिनल ग्रंथीच्या एका विकारात बाळाच्या अंगातलं मीठ झपाट्याने घटतं आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच जीव जाऊ शकतो. तिथे संप्रेरकांची आणि क्षारांची तपासणी तातडीने हवी. पेढे वाटायचे की बर्फी, हे थांबू शकतं. शस्त्रक्रियाही थांबू शकते. जिवाला धोका नसताना अशा बाळांवर लिंग “नीट” करण्याच्या शस्त्रक्रिया करू नयेत, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि तमिळनाडू सरकारने त्याप्रमाणे आदेश काढला. महाराष्ट्राने तो जसाच्या तसा उचलला तरी बिघडणार नाही.

सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर मुलीला अंगारे-धुपारे आणि घाईचं लग्न नको, हार्बरने कुर्ला गाठून परळच्या केईएमपर्यंत नेण्याची तयारी हवी. तिथे गुणसूत्रांची चाचणी करावीच. पोटात राहिलेल्या ग्रंथीत पुढे कर्करोग होऊ शकतो का, इस्ट्रोजेन किती वर्षं द्यावं लागेल, हे त्यावरून ठरतं. पण अहवाल आधी त्या मुलीला, तिला समजेल अशा भाषेत कळला पाहिजे. भरती मंडळाला, सासरला आणि शेजाऱ्यांना तो कळण्याचं काही कारण नाही. आणि पोलीस भरतीत शिपायाला किती धावता यावं, किती वजन उचलता यावं, हे तपासा. गर्भाशय असण्याचा गस्तीशी संबंध काय, हे गृहखात्याने एकदा लिहून द्यावं.

तेव्हा गुणसूत्रं तपासायची असतील तर कशासाठी, ते आधी सांगा. औषध ठरवायला? जरूर तपासा. खेळाचा गट ठरवायला? बसून, नियम करून, खेळाडूची अब्रू राखून बोलू. समोरचा माणूस खरा की खोटा हे ठरवायला? त्यासाठी हेपारिनच्या नळीत रक्त घेऊ नका. ते त्या चाचणीचं काम नाही, आणि तुमचंही नाही.